खेड्यांचा दप्तरखाना

सातारा जिल्ह्यातल्या शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी पुणे–मिरज रेल्वेगाडी अडवली. गाडीत इंग्रज सरकारच्या नोकरांचे पगार होते. ती रक्कम प्रतिसरकारच्या कामी लागली. त्या हल्ल्याच्या म्होरक्यांपैकी एक होते रामचंद्र श्रीपती लाड. कुंडलच्या साऱ्या मुलखात त्यांना कॅप्टन भाऊ म्हणत. २०१६ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांनी ही हकिगत कॅमेऱ्यासमोर सांगितली. इंग्रजांनी आमच्या लोकांकडून ओरबाडलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते सांगताना त्यांच्या बोलण्यात कुठेही चाचपडणं नव्हतं.

प्रतिसरकारचा इतिहास मराठी माणसाला परका नाही. त्यावर पुस्तकं आहेत, पोवाडे आहेत. पण कॅप्टन भाऊंचं आणि क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाबाई पाटील यांचं स्वतःचं बोलणं आज आसामचा किंवा तमिळनाडूचा वाचकही ऐकू-वाचू शकतो. हौसाबाई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्यांचं बोलणं नोंदवण्याचं काम अगदी शेवटच्या घटकेला झालं. ते केलं मुंबईतल्या एका ना-नफा संस्थेनं, जी एका वार्ताहरानं वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी वर्तमानपत्र सोडून उभी केली.

पालगुम्मी साईनाथ हे नाव महाराष्ट्राला विदर्भामुळे माहीत झालं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर सातत्यानं लिहिणारा ‘द हिंदू’चा माणूस, ही त्यांची आपल्याकडची ओळख. २०१४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’, इंटरनेटवर सुरू केलं. त्यांची ही दुसरी कारकीर्द पहिलीपेक्षा मोठी आहे, असं माझं मत आहे. पहिलीत त्यांनी स्वतः लिहिलं. दुसरीत त्यांनी इतरांना लिहितं केलं आणि लिहिलेलं टिकेल अशी सोय केली. आपल्याकडे वार्ताहराचं कौतुक त्याच्या नावानं छापलेल्या बातम्यांवरून होतं. संस्था चालवणाऱ्याचं काम नजरेत भरत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे.

आधी पहिली कारकीर्द. साईनाथ मद्रासला जन्मले, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात इतिहास शिकले. १९८० मध्ये ते ‘युनायटेड न्यूज ऑफ इंडिया’ या वृत्तसंस्थेत लागले, पुढे मुंबईत रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात. तिथे परराष्ट्र घडामोडींचे संपादक, मग डेप्युटी एडिटर, असं दशकभर चाललं. म्हणजे पस्तिशीपर्यंत हा माणूस पूर्णपणे शहरी पत्रकार होता. जगाच्या राजकारणावर लिहीत होता.

१९९३ मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या फेलोशिपसाठी अर्ज केला आणि देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत जाऊन राहायची इच्छा सांगितली. आमच्या वाचकांना यात रस नसेल तर, असं मुलाखतीत विचारलं गेलं. वाचकांच्या वतीनं बोलायला तुम्ही त्यांना शेवटचे कधी भेटलात, असा उलट प्रश्न त्यांनी केला, ही हकिगत पत्रकारांत पुष्कळदा सांगितली जाते. पलामू, गोड्डा, सरगुजा, झाबुआ, मलकानगिरी, रामनाड, पुदुक्कोट्टई अशा जिल्ह्यांतून ते फिरले. मिळेल त्या वाहनानं गेले, आणि त्यातले सुमारे ५,००० किलोमीटर तर पायी. रामनाडमध्ये ताडी काढणाऱ्याबरोबर, गोड्ड्यात सायकलवर कोळशाची पोती लादून ती ढकलत नेणाऱ्यांबरोबर. एकूण ८४ लेख छापून आले. त्यांतून १९९६ मध्ये जे पुस्तक झालं ते मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं आलं आणि आपल्याकडच्या अनेक तरुण पत्रकारांनी ते हातचं पुस्तक म्हणून वापरलं.

त्या पुस्तकाच्या मानधनाचं काय झालं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यातून साईनाथांनी ग्रामीण वार्ताहरांसाठी पुरस्कार सुरू केला. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या पातळीवर स्थानिक भाषेत लिहिणारी माणसं, ज्यांची बातमी शहरातला मोठा पत्रकार उचलतो आणि नाव स्वतःचं लावतो, त्यांच्यासाठी. ‘पारी’चं बी मला इथे दिसतं. त्याच काळात, १९९३ ते २००२ दरम्यान, दहा राज्यांत फिरून त्यांनी कष्टकरी बायकांची छायाचित्रं काढली. त्यांचं प्रदर्शन कलादालनापुरतं न ठेवता बसस्थानकांवर, कारखान्यांच्या दारांत, गावच्या चौकांत नेलं. ज्यांची चित्रं, त्यांनीच ती आधी पाहावीत, हा आग्रह संकेतस्थळ नव्हतं तेव्हाही होता.

२००४ पासून दहा वर्षं ते ‘द हिंदू’चे ग्रामीण विभागाचे संपादक होते. असं पद देशातल्या दुसऱ्या मोठ्या दैनिकात जवळजवळ नव्हतंच. विदर्भातला काळ हा. २००६ च्या वसंतात मुंबईत फॅशन वीक चालू होता, तो टिपायला ५१२ अधिकृत पत्रकार हजर होते, आणि मंचावर सुती कपडे होते. तो कापूस पिकवणारे शेतकरी विमानानं तासाभराच्या अंतरावर जीव देत होते, आणि तिथे बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा हिशोब साईनाथांनी जाहीरपणे मांडला. दीपा भाटिया यांच्या २००९ मधल्या ‘नीरोज गेस्ट्स’ या माहितीपटात तो पाहता येतो. २००६ च्या जून अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्या मदतीतून प्रत्यक्षात काय झालं, यावरही साईनाथांनी तितक्याच निष्ठुरपणे लिहिलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांतून त्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की १९९५ पासूनच्या सोळा वर्षांत अडीच लाखांहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यातले पन्नास हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर त्यांनी दुसऱ्या एका दुखण्यावर बोट ठेवलं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द तोच, बातमी म्हणून छापून आला होता. ‘पेड न्यूज’ ही गोष्ट पत्रकारांना ठाऊक होती. ती पुराव्यानिशी समोर ठेवण्याचं धैर्य फार थोड्यांनी केलं. मराठी वाचक म्हणून ते वाचताना मान खाली गेली होती. पैसे घेऊन जागा विकणाऱ्या पानावर खेड्याला जागा कुठून मिळणार, हा प्रश्न त्या लेखांनी उघडाच करून ठेवला.

मोठं नाव, मॅगसेसे पुरस्कार (२००७), मनासारखं पद, हे सगळं असताना माणूस वर्तमानपत्र का सोडतो? सरकारवर लिहिणाऱ्यानं सरकारी सन्मान घेऊ नये म्हणून त्यांनी २००९ मध्ये पद्मभूषण नाकारलं होतं, तेव्हा मानाचा प्रश्न नव्हता. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजच्या अभ्यासातला एक आकडा ते भाषणांत पुन्हा पुन्हा देतात. राष्ट्रीय दैनिकांच्या पहिल्या पानावर ग्रामीण भारताला पाच वर्षांची सरासरी काढली तर ०.६७ टक्के जागा मिळते. २०११ च्या जनगणनेत खेड्यांत राहणारे लोक सुमारे ६९ टक्के होते. ही दरी एका संपादकानं, एका दैनिकात, कितीही झपाटून लिहिलं तरी बुजणारी नव्हती. शिवाय दैनिकाचा स्वभावच असा, की शेतकरी मेला तर बातमी होते. तो कसा पेरतो, त्याची बायको बी कसं राखते, त्याच्या गावात कोणती भाषा बोलतात, याची होत नाही. साईनाथांना हे सगळं हवं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशीच्या अंकाखाली गाडलं जाऊ नये असं वाटत होतं. म्हणून बातमीपत्र न काढता त्यांनी संग्रह काढला. माझा हा तर्क त्यांच्या कामावरून आहे.

आपल्या इतिहासात असा एक माणूस होऊन गेला आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, अडगळीतून कागद गोळा करत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ त्यातून झाली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाडे देशमुख-देशपांड्यांच्या घरातले कागद मिळवत होते. साईनाथ ज्यांच्या घरात कागदच नाही त्यांच्याकडे गेले. तसा खेड्याचा आवाज छापण्याचा प्रयत्नही आपल्याकडे नवा नाही. सत्यशोधक मुकुंदराव पाटील यांनी नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ १९१० पासून १९६७ मध्ये देह ठेवेपर्यंत चालवला. शहराबाहेर बसून पत्र चालवायला काय काय झेलावं लागतं, हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणी जाणलं असेल.

‘पारी’ काउंटरमीडिया ट्रस्ट या न्यासाच्या वतीनं चालतं. वाचायला पैसे पडत नाहीत, श्रेय देऊन मजकूर इतरांना वापरता येतो, जाहिराती नाहीत. खर्च भागतो तो लोकांच्या देणग्यांवर, काही प्रतिष्ठानांच्या मदतीवर आणि फुकट काम करणाऱ्या माणसांच्या वेळेवर. चित्रपट संकलक, छायाचित्रकार, संगणकाचे जाणकार, अनुवादक, विद्यार्थी यांनी आपापल्या सुट्टीच्या दिवसांत हे घडवलं. सुरुवातीच्या मजकुरात केरळच्या इडमलकुडीच्या जंगलातल्या एका चहाच्या टपरीची गोष्ट होती. टपरीत १६० पुस्तकांचं वाचनालय, आणि रानातली मुथुवन माणसं ती नेऊन वाचतात. त्याच मुलखातल्या शाळेतल्या मुलांनी बटाट्यावरचं इंग्रजी गाणं म्हणून दाखवलं, तेही तिथे आहे. त्यांच्या गावात बटाटा पिकत नाही.

संग्रहाची रचना बातम्यांच्या तारखेवर नाही. माणसं काय करतात, काय बनवतात, कोणती भाषा बोलतात, काय गातात, त्यांची जंगलं आणि जमिनी, त्यांचे चेहरे, अशी दालनं आहेत. ग्रंथालयाचं दालन वेगळं. शेतकरी आयोगाचे, म्हणजे स्वामिनाथन आयोगाचे अहवाल तिथे पूर्ण वाचायला मिळतात. त्या अहवालांचं नाव घेऊन दर निवडणुकीत भाषणं होतात, पण ते वाचलेली माणसं किती? सरकारी कागद जनतेच्या पैशानं होतात आणि जनतेलाच सापडत नाहीत. ते एका ठिकाणी, सारांशासह ठेवणं हे मला लेख लिहिण्याइतकंच पत्रकारितेचं काम वाटतं.

आता पैशाचं. वार्ताहराला पैसे मागायची सवय नसते. त्याचं सगळं वळण उलटं घडलेलं असतं: कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. संस्थेचा प्रमुख झाल्यावर मात्र प्रत्येक भाषणाच्या शेवटी झोळी पुढे करावी लागते. अमेरिकेत पॉल स्टायगर यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चं व्यवस्थापकीय संपादकपद १९९१ ते २००७ सांभाळून ‘प्रोपब्लिका’ ही ना-नफा शोधपत्रकारितेची संस्था न्यूयॉर्कमध्ये काढली, तेव्हा हर्बर्ट आणि मेरियन सँडलर या धनिक दांपत्यानं वर्षाला १ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं होतं. २००८ मध्ये काम सुरू, २०१० मध्ये पहिलं पुलित्झर. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या एका रुग्णालयात काय घडलं, याचा तो शोध होता. स्टायगर यांचं कर्तृत्व मोठंच, पण दरवर्षी खात्यात काय येणार हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होतं. ही चैन साईनाथांच्या वाट्याला आली नाही.

भारतात अशा संस्थेपुढे कायद्याची वाटही अरुंद आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशोब, आयकरात सवलत हवी तर वेगळी मान्यता. परदेशी देणग्यांवर २०१० च्या परदेशी अंशदान नियमन कायद्यानं वृत्तसंस्थांना बंधनं घातलेली आहेत, आणि २०२० च्या दुरुस्तीनं ना-नफा संस्थांची एकूणच कोंडी वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र पत्रकारितेला अर्थसाहाय्य करणाऱ्या बंगळुरूच्या एका प्रतिष्ठानावर आयकर विभागाची पाहणी झाली. ‘बिझनेस स्टँडर्ड’मधून बाहेर पडलेल्या नितीन सेठी यांची ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था अशीच. तिचा ना-नफा दर्जा रद्द झाल्याचं जानेवारी २०२५ मध्ये तिनं जाहीर केलं; पत्रकारितेनं लोकहित साधत नाही, असं कारण दिलं गेल्याचं संस्थेनं सांगितलं. हे वाचून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. शेतकऱ्याच्या दारात जाऊन त्याचं म्हणणं लिहून आणणं हे लोकहित नसेल, तर धर्मादाय या कल्पनेत दुसरं काय मावतं?

वर्तमानपत्र सोडलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट नव्यानं करावी लागते. दुसऱ्याचा मजकूर सांभाळायचा. तेजस्वी वार्ताहर चांगला संपादक होतोच असं नाही. पुष्कळदा तो नव्या मुलाच्या लेखात स्वतःचाच लेख लिहून ठेवतो. इथे साईनाथांची एक जुनी सवय कामी आली. मुंबईच्या सोफिया पॉलिटेक्निकमध्ये आणि चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये ते वर्षानुवर्षं शिकवत आले. त्या वर्गांतली बरीच मुलं-मुली पुढे ‘पारी’त आली. शिक्षकाला आपल्यापेक्षा पुढे गेलेला विद्यार्थी दाखवताना अभिमान वाटतो, वार्ताहराला क्वचित. संस्था टिकायची असेल तर प्रमुखात पहिली वृत्ती लागते.

‘पारी’नं भारताचे ९५ नैसर्गिक आणि ऐतिहासिक प्रदेश मानले आहेत आणि प्रत्येकातून एक फेलो हवा असं ठरवलं आहे. त्या त्या भागातला, शक्यतो निम्म्या स्त्रिया, आणि उपेक्षित समाजांतून आलेले. राज्यांच्या सीमा न मानता प्रदेश मानणं मला फार पटतं. विदर्भ आणि मराठवाडा एकाच राज्यात आहेत, पण एकाचा पाऊस दुसऱ्याला लागू पडत नाही, एकाचं कर्जही दुसऱ्यासारखं नाही.

महाराष्ट्रातून जे आलं त्याची नुसती यादी केली तरी हा उपक्रम आपल्यासाठी किती मोलाचा आहे ते कळेल. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली, काहींची दृष्टी गेली. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी त्यावर ‘पारी’साठी मालिका लिहिली. पुढच्या वर्षी त्याच जिल्ह्यात माणसं मारणाऱ्या वाघिणीमागे वनखातं फिरत होतं, तेव्हा जंगलालगतच्या गावांत भीतीनं शेती कशी ठप्प झाली, हेही त्यांनी लिहिलं. शहरात त्या वाघिणीसाठी मोर्चे निघाले होते. तिच्या वाटेवरच्या गुराख्याला काय वाटतं, हे विचारायला फार थोडे गेले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत आले. पायांना फोड आलेल्या आदिवासी बायकांचे फोटो सगळ्यांनी छापले. त्या बायका कुठल्या पाड्यावरच्या, वनजमिनीचा त्यांचा दावा किती वर्षं पडून आहे, मोर्चाला येण्यासाठी त्यांनी किती मजुरी बुडवली, हे पार्थ एम. एन. यांच्यासारख्या वार्ताहरांनी बरोबर चालून विचारलं. चालत विचारणं आणि मुंबईत स्वागत करून विचारणं यात फरक पडतो.

पण मला स्वतःला सगळ्यांत मोठं वाटतं ते ओव्यांचं काम, आणि तिथे थोडं थांबायला हवं. पुण्यात समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काम करताना बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. गी फ्रान्सहून आले आणि इथलेच झाले. पहाटे दळताना बाई जे गाते ते तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नसतं, हे त्यांना उमगलं होतं. माहेर, भाऊ, सासुरवास, सीता, विठ्ठल, पाऊस, लेकीचं लग्न, आणि बाबासाहेब आंबेडकर. गावागावांतल्या कार्यकर्त्या बायकांनी हाताने ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात संगीताचे फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल आले, शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं, ओव्यांची संगणकावर नोंद झाली. हजाराहून जास्त गावं, ३,३०० च्या वर गाणाऱ्या, एक लाखाहून जास्त ओव्या. मराठी स्त्रीनं आपल्याबद्दल स्वतः सांगितलेलं इतकं मोठं साहित्य दुसरं मला माहीत नाही.

गी २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. कार्यकर्ते पांगले. एवढा ऐवज तसाच पडून राहिला असता, तर आपण कुणी दोष घ्यायलाही पुढे आलो नसतो. २०१७ पासून ‘पारी’नं ते काम घेतलं. संस्थेच्या व्यवस्थापकीय संपादक नमिता वाईकर यांनी त्याची धुरा उचलली. जुन्या चमूतले जितेंद्र मेड, आशा ओगले, रजनी खळदकर पुन्हा जोडले गेले. नुसत्या ध्वनिफिती इंटरनेटवर टाकून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी मंडळी पुन्हा त्या गावांत गेली, गाणाऱ्या शोधल्या, त्यांचे फोटो काढले, चित्रण केलं. काही हयात नव्हत्या, तिथे लेकी-सुना भेटल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या गाणाऱ्यांच्या नावांसह, फोटोंसह, मराठीत आणि इंग्रजी अर्थासह तिथे आहेत. लोकसाहित्याच्या आपल्या कितीतरी संग्रहांत ओवी आहे आणि गाणारी नाही. इथे ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे, ती किती शिकली, काय काम करते, हे आहे. नाव देण्याची ही शिस्त वार्ताहराच्या हाताखाली घडलेल्या संस्थेत आली, यात मला नवल वाटत नाही. बोलला कोण, हे लिहिल्याशिवाय चांगला वार्ताहर बातमी देत नाही.

‘पारी’सारखं पंधरा भाषांत मजकूर देणं हे ऐकायला सोपं आहे. लेख कुठल्याही भाषेत येतो, मग इंग्रजीत जातो, मग मराठी, उर्दू, ओडिया, पंजाबी, तेलुगू, बांग्ला, अगदी भोजपुरी आणि छत्तीसगढीतही. भाषाशास्त्रज्ञ गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणानं देशात ७८० भाषा मोजल्या आहेत, म्हणजे पंधरा हा आकडा केवढा लहान! मराठीची बाजू मेधा काळे यांनी सांभाळली. त्यांच्या हाताखालून गेलेला मजकूर वाचा. बीडची बाई बीडसारखी बोलते, तिला पुण्याचं करून ठेवलेलं नाही. दैनिकांतल्या अनुवादित बातम्यांत एवढी निगा आजकाल दिसत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

काही प्रश्न मला आहेत. संस्थेचं नाव घेतलं की अजूनही आधी साईनाथांचं नाव येतं. त्यांच्या सभेला सभागृह भरतं, देणग्याही त्या सभेतून येतात. मोठ्या माणसानं काढलेल्या संस्था त्या माणसाच्या सावलीत राहतात, हे महाराष्ट्रानं शिक्षणसंस्थांत, साप्ताहिकांत, चळवळींत अनेकदा पाहिलं आहे. संपादन, शिक्षण विभाग, ओव्या, अनुवाद या सगळ्यांत जबाबदार माणसं उभी राहिली आहेत, ही आशेची बाब. पैसा उभा करण्याची जबाबदारी तशीच वाटली गेली पाहिजे. दुसरं, ज्यांच्यावर लेख लिहिला त्यांच्यापर्यंत तो पोचतो का? मोबाइल आता घरोघर आहे, पण दीर्घ लेख मोबाइलवर वाचायची सवय खेड्यात सोडा, शहरातही कमी. बुंदेलखंडातल्या चित्रकूटमध्ये ‘खबर लहरिया’ हे गावच्या बायकांनी चालवलेलं पत्र २००२ मध्ये सुरू झालं, ते आधी कागदावर आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावर. गावानं गावासाठी लिहिलेल्या त्या पत्राला हा प्रश्न कमी भेडसावला. ‘पारी’नं ध्वनी आणि चित्रण यांवर भर दिला तो बहुधा याचसाठी.

आपल्या शाळांनी तरी हे उचलायला हवं. सातारा-सांगलीच्या मुलांना प्रतिसरकारचा धडा शिकवताना कॅप्टन भाऊंचं चित्रण वर्गात दाखवायला खर्च काहीच नाही. मराठवाड्याच्या महाविद्यालयांत स्त्री-साहित्याच्या तासाला ओव्यांचा संग्रह उघडता येतो. आपल्या जिल्हा दैनिकांना आपल्याच तालुक्यावरचा लेख श्रेय देऊन छापता येतो.

आणि लिहिणारे हवेत. ‘पारी’ पत्रकारांपुरतं नाही. शिक्षक, विद्यार्थी, आशा कार्यकर्ती, कुणीही काम पाठवू शकतं. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं सहा महिन्यांचं बिऱ्हाड, मेळघाटातली कोरकू म्हातारी माणसं, गडचिरोलीतली माडिया बोलणारी पोरं आणि त्यांची मराठी शाळा, डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मासे सुकवणाऱ्या बायका, सोलापूरचे उरलेसुरले हातमाग, खानदेशातले पावरा, कोकणात मुंबईची वाट बघत मोडकळीला आलेली घरं आणि त्यांत एकटी राहणारी आजी. यांतलं काही नोंदलं गेलं आहे, पुष्कळ राहिलं आहे. ज्यांना हे सगळं तोंडपाठ आहे ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.